एक किलोमीटरचा कोप्पेन नकाशा: विषुववृत्तापासून दूरचा उष्ण कटिबंध शोधायला कितपत भरवशाचा?

बर्म्युडा ३२.३° उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्त तिथून जवळजवळ ९ अंश, म्हणजे हजारेक किलोमीटर दक्षिणेला राहतं. तरी कोप्पेनच्या कसोटीने (तापमान आणि पाऊस यांवरून हवामानाचे गट पाडण्याची पद्धत) या बेटांचं हवामान उष्णकटिबंधीय पर्जन्यवनाच्या गटात बसतं, काठावर का होईना. अर्ध्या अंशाच्या नकाशात मात्र हे बेट टिकणं कठीणच. त्या अक्षांशावर अर्ध्या अंशाचा एक चौकोन सुमारे ५५ बाय ४७ किमीचा, म्हणजे २,६०० चौ. किमीचा असतो आणि अख्खं बर्म्युडा भरतं जेमतेम ५३ चौ. किमी. चौकोनात दोन टक्के जमीन, बाकी सगळा समुद्र.

अशा ठिकाणांच्या शोधात असलेल्यांसाठी हिल्के बेक आणि सहकाऱ्यांचे १ किमी रिझोल्यूशनचे कोप्पेन-गायगर नकाशे ही मोठीच सोय आहे. पहिली आवृत्ती २०१८ची, सुधारित २०२३ची. दोन्ही मोफत उतरवता येतात. वापरताना श्रेय द्यायचं, एवढीच अट. बर्म्युडावर यांचे सत्तरएक पिक्सेल (नकाशाचे चौकोन) पडतात, म्हणजे बेट निदान दिसतं तरी. पण दिसलेल्या रंगावर किती विसंबायचं, हा वेगळा प्रश्न आहे आणि हे परीक्षण मुख्यतः त्याबद्दल आहे.

पाकिटात काय आहे

उतरवलेल्या झिप फाइलमध्ये जिओटिफ नकाशे (अक्षांश-रेखांश जोडलेल्या चित्र-फाइली) आणि एक साधी मजकूर-फाइल असते. ही मजकूर-फाइल आधी उघडा. नकाशात प्रत्येक पिक्सेलला ० ते ३० यांपैकी एक आकडा आहे आणि त्याचा अर्थ या फाइलमध्ये आहे: १ म्हणजे एएफ (पर्जन्यवन), २ एएम (मोसमी), ३ एडब्ल्यू (सॅव्हाना), ४ ते ७ कोरडे गट, १४ म्हणजे सीएफए (दमट उपोष्ण), ३० म्हणजे कायम बर्फ. ० म्हणजे समुद्र. प्रत्येक वर्गाचा रंगही तिथेच दिला आहे. उष्ण कटिबंध इथे निळा आहे आणि लाल-नारिंगी रंग कोरड्या प्रदेशांना दिले आहेत. ‘गरम म्हणजे लाल’ अशी डोळ्यांची सवय असते, त्यामुळे पहिल्यांदा बघणारा हमखास सहाराकडे वळतो.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल ओढून टाकली की कधीकधी ती नुसती करडी दिसते. घाबरू नका; सिम्बॉलॉजीत (रंग ठरवण्याच्या खिडकीत) ‘पॅलेटेड / युनिक व्हॅल्यूज’ निवडून ‘क्लासिफाय’ दाबलं की वर्ग सुटे होतात. पूर्ण जगाचा १ किमी नकाशा ४३,२०० बाय २१,६०० पिक्सेलचा आहे, म्हणजे ९३ कोटींहून जास्त चौकोन. साध्या लॅपटॉपवर संपूर्ण फाइलवर गणित चालवू नका. आधी हवा तो भाग कापून घ्या: २३.४° ते ३५° उत्तर अशी एक पट्टी आणि तेवढीच दक्षिणेला. मग रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (प्रत्येक पिक्सेलवर गणित करणारं साधन) ‘मूल्य १ ते ३ असेल तर १, नाहीतर ०’ एवढीच अट घाला. अयनवृत्तांच्या (कर्कवृत्त आणि मकरवृत्त) बाहेर सांडलेला उष्ण कटिबंध समोर येतो: दक्षिण फ्लोरिडा, बहामाची बेटं, दक्षिण जपानची बेटं, कर्कवृत्तालगतचा बंगाल, ब्राझीलची आग्नेय किनारपट्टी, मादागास्करचा आग्नेय किनारा, मोझांबिकचा दक्षिण किनारा. प्रशांत महासागरातले एकटेदुकटे ठिपके शोधायला मात्र भिंग लागतं.

सर्वात जास्त फसगत कुठे होते

रीसॅम्पलिंगमध्ये, म्हणजे नकाशाचे पिक्सेल नव्याने मांडताना. नकाशा दुसऱ्या प्रक्षेपणात नेताना किंवा रिझोल्यूशन बदलताना नेहमी ‘निअरेस्ट नेबर’ (सर्वात जवळच्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा घेणं) निवडा. ‘बायलिनियर’ किंवा ‘क्युबिक’ निवडलंत तर सॉफ्टवेअर शेजारच्या आकड्यांची सरासरी काढतं. फ्लोरिडात एडब्ल्यू (३) आणि सीएफए (१४) शेजारी आहेत. त्यांची सरासरी ८.५. आणि ८ आणि ९ म्हणजे काय? भूमध्य सागरी हवामान! फ्लोरिडाच्या मध्यातून भूमध्य हवामानाची एक बारीक, अगदी पटण्याजोगी पट्टी तयार होते, आणि तसा नकाशा बेधडक वापरला जाऊ शकतो. वर्गांचे आकडे ही नावं आहेत, मापं नाहीत. निळ्या आणि पोपटी रंगाच्या मध्ये कुठेही पिवळी किनार दिसली, तर हवामानाचा विचार करण्याआधी रीसॅम्पलिंगची सेटिंग तपासा.

दुसरी चूक क्षेत्रफळाची. नकाशा अक्षांश-रेखांशात आहे, त्यामुळे पिक्सेल सगळीकडे सारखे नाहीत. विषुववृत्तावर एक पिक्सेल ०.८६ चौ. किमी, बर्म्युडाच्या अक्षांशावर ०.७३. नुसते पिक्सेल मोजून ‘इतके चौ. किमी’ म्हटलं, तर दूरचे प्रदेश उगाच फुगतात. आधी समक्षेत्र प्रक्षेपणात (ज्यात सगळे पिक्सेल सारख्या क्षेत्रफळाचे असतात) न्या (अर्थात निअरेस्ट नेबरनेच) किंवा प्रत्येक ओळीला अक्षांशाच्या कोसाइनने गुणा.

तिसरी बाब किनाऱ्याची. ‘आयडेंटिफाय’ या साधनाने लहान बेटावर टिचकी मारली आणि ० आलं, तर तिथे माहिती नाही असं लगेच धरू नका. पिक्सेलचा मध्य समुद्रात पडला असेल. एक-दोन पिक्सेल आत सरकून पुन्हा बघा.

१८ अंशांची रेघ

नकाशा बनतो तो या नियमांवर. सर्वात थंड महिन्याचं सरासरी तापमान १८° से. किंवा जास्त असेल, तर ते ठिकाण ‘ए’ (उष्णकटिबंधीय) गटात. त्यातही सर्वात कोरड्या महिन्यात ६० मिमी किंवा जास्त पाऊस असेल तर एएफ. नसेल, तर वर्षाचा पाऊस (मिमी) २५ने भागून १००मधून वजा करा. कोरड्या महिन्याचा पाऊस त्या उत्तराइतका किंवा जास्त असेल तर एएम, कमी असेल तर एडब्ल्यू.

मायामीचं गणित करून बघू. अक्षांश २५.८° उत्तर, जानेवारीची सरासरी २०°च्या थोडी वर, वर्षाचा पाऊस सुमारे १,७१० मिमी. १,७१० भागिले २५ म्हणजे ६८.४, १००मधून वजा केले की ३१.६. सर्वात कोरडा महिना ४५ मिमीच्या आसपास: ६०पेक्षा कमी, ३१.६पेक्षा जास्त. म्हणून एएम. की वेस्टला वर्षाचा पाऊस हजार मिमीच्या आसपास, त्यामुळे उंबरठा ६०च्या जवळ चढतो, कोरडा महिना तिथपर्यंत पोहोचत नाही आणि ते एडब्ल्यूमध्ये जातं. उलट मायामीच्या शंभरएक किलोमीटर उत्तरेला असलेलं वेस्ट पाम बीच एएफमध्ये पडतं. म्हणजे उत्तरेकडे जावं तसं ‘सॅव्हाना, मोसमी, पर्जन्यवन’ असा उलटा क्रम! यात चूक नाही. उत्तरेकडे हिवाळ्यातल्या शीत आघाड्यांचा (पुढे सरकणाऱ्या थंड हवेच्या कडांचा) पाऊस जास्त मिळतो आणि कोरडा महिना ६० मिमीच्या वर निघून जातो. म्हणून विषुववृत्तापासून लांब दिसलेलं एएफ हे अमेझॉनसारखं एएफ समजू नये. इथे आघाड्या पाऊस पुरवतात, तिथे विषुववृत्तीय संवहन (तापलेली हवा वर चढणं).

ही रेघ जगाच्या वेगवेगळ्या बाजूंना वेगवेगळ्या अक्षांशावर का येते, हे नकाशा सांगत नाही, पण दाखवतो फार छान. ढाका २३.८° उत्तरेला, जानेवारी १८°च्या वर, म्हणून ‘ए’ गटात. हाँगकाँग त्याहून दक्षिणेला, २२.३°वर, कर्कवृत्ताच्या आत. पण जानेवारी साडेसोळाच्या आसपास, म्हणून बाहेर. हनोई २१°वर असूनही बाहेर. सायबेरियाची थंड हवा चीनवरून थेट खाली घसरते. बंगालकडे येणाऱ्या हवेला हिमालय आणि तिबेटचं पठार आडवं येतं. पूर्व किनाऱ्यांजवळून ध्रुवाकडे वाहणारे उष्ण प्रवाह (गल्फ स्ट्रीम, कुरोशिओ, ब्राझील प्रवाह, आफ्रिकेच्या बाजूला मोझांबिक आणि अगुल्हास) रेघ आणखी बाहेर ढकलतात. बर्म्युडाला अटलांटिकमधल्या सर्वात उत्तरेकडच्या प्रवाळभित्ती आहेत, त्या याच उष्णतेवर.

१ किमीचा खरा कस लागतो तो डोंगराळ किनाऱ्यावर. ब्राझीलचं सांतोस २४° दक्षिणेला, समुद्रसपाटीवर, पर्जन्यवन गटात. तिथून ५० ते ६० किमीवर साओ पाउलो, सुमारे ७६० मीटर उंचीवर, सर्वात थंड महिना १६°च्या आसपास, त्यामुळे ‘सी’ (समशीतोष्ण) गटात. मधला सेर्रा दो मार या डोंगररांगेचा कडा अर्ध्या अंशाच्या एका चौकोनात गडप होतो. इथे तो सुबक रेघेसारखा दिसतो.

रंग खरा, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तो देतोच असं नाही

कोप्पेनची १८° ही सीमा वनस्पतींच्या गटांवरून आलेली आहे, पण मोजमाप आहे महिन्याच्या सरासरीचं. सरासरी आणि नीचांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितका त्यांतला फरक वाढत जातो.

नाहा (ओकिनावा) २६.२° उत्तरेला. जपानच्या १९९१–२०२० सरासरीनुसार जानेवारी १७.३°. म्हणजे ०.७ अंशांनी नापास. नकाशात सीएफए, पोपटी. मायामी जवळजवळ त्याच अक्षांशावर, तीन अंशांनी गरम, नकाशात निळं. आता नीचांक बघा. नाहाची आजवरची सर्वात कमी नोंद ४.९° से. (१९१८). मायामीची उणे २.८° (१९१७). जानेवारी १९७७मध्ये मायामीत हिमकण उडताना दिसले. ‘उष्णकटिबंधीय’ मायामीत पाणी गोठलेलं आहे आणि ‘उपोष्ण’ नाहात नाही. फ्लोरिडाच्या उत्तरेला नुसतं खंड पसरलंय, अडवायला डोंगर नाही. दोन-तीन रात्री ध्रुवीय हवा घुसते आणि निघून जाते. महिन्याच्या सरासरीत ती विरघळते, झाडाच्या शेंड्यात मात्र राहते. ओकिनावाकडे येणारी थंड हवा वाटेत शेकडो किलोमीटर कोमट समुद्रावरून येते, त्यामुळे तिचा हिवाळा सरासरीने गार, पण दगाबाज नाही.

म्हणून फळझाडं, शोभेची झाडं किंवा प्रवाळ यांच्यासाठी जागा ठरवणाऱ्याने हा नकाशा एकटा वापरू नये. वर्ल्डक्लिम या जागतिक हवामान-डेटासंचाचा ‘बायो ६’ थर जोडून काम भागेल असं वाटतं, पण तो थर सर्वात थंड महिन्याच्या रोजच्या किमान तापमानांची सरासरी देतो. वर्षातली सर्वात वाईट रात्र त्यातही नसते. अमेरिकेपुरता कृषी खात्याचा ‘हार्डीनेस झोन’ नकाशा (२०२३ची आवृत्ती, १९९१–२०२० वर आधारित) थेट वार्षिक नीचांकाच्या सरासरीवर बनलेला आहे; झाडं लावण्यासाठी तो जास्त उपयोगी. इतरत्र जवळच्या हवामान केंद्राच्या रोजच्या नोंदी काढून किमान तीस हिवाळ्यांचे नीचांक स्वतः बघण्याला पर्याय नाही.

आणखी एक: ‘बी’ (कोरडा) गट आधी तपासला जातो; ठिकाण त्यात बसलं की ‘ए’ गटाचा प्रश्नच येत नाही. दुबई २५° उत्तरेला आहे, जानेवारी १९°च्या आसपास, मस्कतचा तर त्याहून गरम. दोन्ही उष्णतेच्या कसोटीवर सहज पास. पण पाऊस कोरड्या गटाच्या उंबरठ्याखाली, म्हणून लाल. उष्णतेची सीमा हवी असेल, तर या नकाशातून ती मिळणार नाही. थंड महिन्याच्या तापमानाचा थर घेऊन १८°ची रेघ वेगळी काढावी लागते. मापुतो (२६° दक्षिण) काठाचं उत्तम उदाहरण. जुन्या सरासरीत पाऊस सुमारे ८१० मिमी, वार्षिक तापमान २३°च्या जवळ. सत्तर टक्क्यांहून जास्त पाऊस उन्हाळ्यात, त्यामुळे कोरड्या गटाचा उंबरठा होतो (२ × २३ + २८) × १० = ७४० मिमी. सत्तर मिमीची फट! एखादा पर्जन्य-डेटासंच थोडा कोरडा निघाला की निळ्याचा नारिंगी होतो.

‘एएस’ (कोरडा उन्हाळा) हा वर्गही इथे नाही. तो एडब्ल्यूमध्येच विलीन आहे. त्यामुळे हवाईच्या वाऱ्याआडच्या, हिवाळी पावसाच्या बाजू कशा वेगळ्या आहेत ते कळत नाही. २००६चा कोटेक आणि सहकाऱ्यांचा नकाशा एएस वेगळा दाखवतो, पण तो अर्ध्या अंशाचा आहे.

खात्रीचा थर: लोक उघडतच नाहीत

२०१८च्या आवृत्तीत प्रत्येक पिक्सेलसाठी खात्रीची टक्केवारी दिली आहे. तापमानाचे तीन आणि पावसाचे चार डेटासंच मिळून १२ जोड्या. त्यांतल्या जास्तीत जास्त जोड्यांनी जो वर्ग दिला तो नकाशात आणि किती जोड्या सहमत होत्या ते या थरात. ही पाकिटातली सर्वात मोलाची फाइल. मुख्य नकाशावर ती ठेवा आणि ७०पेक्षा कमी असलेले पिक्सेल करडे करा. दूरच्या उष्ण कटिबंधाच्या कडा कुठे विरघळतात ते बघण्यासारखं असतं. (७० हा आकडा सोयीचा आहे, शास्त्राने दिलेला नाही.)

पण यातही एक खोच आहे. बाराही जोड्या सहमत असल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच हवामान केंद्र असू शकतं. १ किमीचा पिक्सेल म्हणजे दर किलोमीटरला तापमापक, असं नव्हे. उंची आणि आसपासच्या केंद्रांवरून काढलेला तो अंदाज असतो. महासागरातल्या एकट्या बेटावर सगळे डेटासंच त्याच एका विमानतळावरच्या नोंदींवर पोसलेले असतील, तर त्यांचं एकमत फारसं काही सिद्ध करत नाही.

त्यामुळे काठावरच्या ठिकाणासाठी बारा महिन्यांची केंद्राची सरासरी हाती घ्यावी आणि वरचं गणित हातानेच करावं. दोन काळज्या घ्या. अमेरिकी तक्ते फॅरनहाइट आणि इंचांत असतात: १८° से. म्हणजे ६४.४° फॅ., ६० मिमी म्हणजे २.३६ इंच. दुसरी जास्त कावेबाज आहे. अमेरिकेत रोजची सरासरी म्हणजे कमाल आणि किमान यांचा मध्य. जपानमध्ये चोवीस तासांच्या नोंदींची सरासरी. एकाच जागी या दोन पद्धतींत काही दशांश अंशांचा फरक पडतो. मियाको (२४.८° उत्तर, जानेवारी १८.३°) किंवा ओगासावारामधलं चिचिजिमा (२७.१° उत्तर, फेब्रुवारी १८च्या काठावर) अशा ठिकाणी तेवढ्याने निकाल फिरू शकतो. इशिगाकीला १८.९° आहे, तिथे चिंता नाही. राप नुई (ईस्टर बेट, २७° दक्षिण) आणि बर्म्युडा हेही याच काठावरचे. अशा बेटांसाठी फक्त जानेवारी किंवा जुलै बघून चालत नाही. समुद्र उशिरा थंड होतो. सर्वात थंड महिना बहुधा फेब्रुवारी किंवा ऑगस्ट असतो.

कोणती आवृत्ती घ्यावी

नवीन काम असेल तर २०२३ची. तीत १९०१पासून तीस-तीस वर्षांचे नकाशे आहेत, शेवटचा पूर्ण झालेला १९९१–२०२०, आणि पुढच्या काळासाठी सात उत्सर्जन-परिस्थिती (हरितगृह वायू किती सोडले जातील याच्या वेगवेगळ्या शक्यता). २०१८च्या आवृत्तीत वर्तमान म्हणजे १९८०–२०१६ आणि भविष्य म्हणजे फक्त ‘आरसीपी ८.५’ या एका उत्सर्जन-परिस्थितीवरचं २०७१–२१००. ते भविष्य ‘आता असंच होणार’ म्हणून वापरलं जातं. ती सर्वात जास्त उत्सर्जनाची परिस्थिती आहे, हे वगळून.

उष्ण कटिबंध किती सरकला हे मोजायचं असेल, तर २०१८चा एक आणि २०२३चा एक असे नकाशे शेजारी ठेवू नका. डेटा वेगळा, पद्धत वेगळी. दिसलेला फरक कशाचा हे सांगता येणार नाही. २०२३मधलेच १९६१–१९९० आणि १९९१–२०२० घ्या. तिथेही आधीच १७.९°वर असलेलं ठिकाण १८.१° झालं की पूर्ण रंग बदलतो आणि २०वरून २१.५ झालेलं ठिकाण तसंच निळं राहतं. रंग बदललेल्या क्षेत्रापेक्षा थंड महिन्याच्या तापमानातला फरक जास्त बोलका असतो.

शाळा-कॉलेजात दाखवायला, संशोधनासाठी जागांची पहिली चाळणी लावायला, प्रवासाआधी अंदाज घ्यायला: पाचपैकी साडेचार. रोपवाटिका किंवा बाग यांसाठी एकट्याने वापरायचा असेल तर अडीच, तेही खात्रीचा थर उघडलात तर. काठावरच्या एखाद्या बेटाला ‘उष्णकटिबंधीय’ ठरवून छापायचं असेल, तर आधी त्या बेटाचा फेब्रुवारी किंवा ऑगस्ट तपासा, कोणत्या तीस वर्षांचा तो आकडा आहे ते लिहा, आणि मगच रंग भरा.